उपेक्षित शास्त्रज्ञ : गेऑर्ग ओहम

गणेशोत्सवात मंडळाचे नाटक ऐन रंगात आले असता रंगमंचावर एकाएकी अंधार पसरावा, हा अनुभव आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींना नवा नाही. एके वर्षी पाच अँपिअरच्या फ्यूजवर हजार हजार वॅटचे दोन दिवे चढविण्याचा पराक्रम आमच्याच हातून घडला होता. दोन हजारांस २३० व्होल्टने भागले असते, तर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागणार, हे पडदा वर जाण्यापूर्वीच कळले असते. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात फ्यूजची तार बदलताना ज्याचे स्मरण व्हावयास हवे होते, त्या गृहस्थाचे चरित्र आम्ही पुढे सवडीने वाचले. ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

गेऑर्ग सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे असले तरी स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणितात चांगली गती मिळविली होती, आणि गेऑर्ग व मार्टिन या दोन्ही मुलांना त्यांनी घरीच गणिताचे धडे दिले. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ साली तो विद्यापीठात गेला खरा. परंतु तेथे त्याचे मन नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील घसरखेळ यांतच अधिक रमले. संतप्त पित्याने दीड वर्षातच शिक्षण थांबविले आणि १८०६ साली मुलाची रवानगी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकाच्या नोकरीवर झाली. पित्याचा हा राग अखेर मुलाच्या पथ्यावरच पडला, असे आम्हांस वाटते. घरापासून दूर राहून स्वतःच अभ्यास करीत तो १८११ साली परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळविली.

पुढील काही वर्षे तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्यांत गेली. १८१७ साली कोलोन येथील विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. तेथील प्रयोगशाळा उत्तम होती, आणि कारागिराच्या घरात वाढलेल्या ओहमला उपकरणे स्वतः तयार करता येत. तारेची लांबी वाढविली की विजेचा प्रवाह किती घटतो, हा त्याचा प्रश्न. १८२५ साली त्याने यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. पण त्यातील सूत्र चुकीचे होते! दोष बॅटरीचा होता. त्या काळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई, त्यामुळे मोजमापे विश्वसनीय ठरत नसत. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने नुकत्याच ज्ञात झालेल्या उष्णताजन्य विजेचा वापर करण्याचे सुचविले. ओहमने तांबे व बिस्मथ यांचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. विजेचा दाब स्थिर झाला. मग निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, सोन्याच्या बारीक पट्टीला टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने त्याने प्रवाह मोजले. १८२६ साली त्याने आपली चूक आपणच दुरुस्त केली.

दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे तिचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराने वॅट मिळतात. मात्र हा हिशेब ओहमच्या खाती जमा करणे योग्य नव्हे. प्रवाहाने तारेत किती उष्णता निर्माण होते, हे इंग्लंडच्या जूलने १८४१ साली प्रसिद्ध केले. शिवाय तारेचे तापमान कायम राहिले तरच ओहमचा नियम सरळ लागू पडतो. जुन्या तारेच्या बल्बचा रोध तो थंड असता तापलेल्या अवस्थेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बटण दाबताक्षणीच बल्ब बहुधा का जातो, याचे इंगित हेच!

संशोधन पुरे करण्यासाठी ओहमने अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि तो बर्लिनला भावाकडे जाऊन राहिला. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, अशी त्याची आशा होती. परंतु त्याचे स्वागत अतिशय थंडपणे झाले. विजेच्या अभ्यासात इतके गणित आणणे अनेक जर्मन विद्वानांस रुचले नाही. काहींनी तर ग्रंथाची कठोर निर्भर्त्सना केली. दुखावलेल्या ओहमने १८२८ साली कोलोनची नोकरी सोडली. सारा जन्म नोकरीत घालविलेल्या आम्हांस या राजीनाम्याचे धाडस विशेष जाणवते. चाळिशीच्या उंबरठ्यावर, हाती दुसरी कायम जागा नसताना, बर्लिनच्या लष्करी विद्यालयात आठवड्यातील मोजक्या तासिकांवर त्याने काही वर्षे काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्याला जागा मिळाली. त्याने विवाह केला नाही.

मान मिळाला तो परदेशातून. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले आणि पुढल्या वर्षी परदेशी सभासद करून घेतले. त्यानंतर स्वदेशीयांचेही डोळे उघडले. १८४९ साली तो म्युनिकला गेला आणि तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद त्याला १८५२ साली लाभले. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. आमच्याकडे या वयात माणूस सेवानिवृत्त होऊन बसलेला असतो. हे पद त्याने जेमतेम दोन वर्षे उपभोगले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्याचा अंत झाला.

१८८१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने दाबाच्या एककास व्होल्टाचे, प्रवाहाच्या एककास अँपिअरचे आणि रोधाच्या एककास ओहमचे नाव दिले. शून्य अंश तापमानावरील, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाने तो ओहम दाखवावा असे ठरले. त्या स्तंभाची लांबी १८८४ साली १०६ सेंटिमीटर मुक्रर करण्यात आली.