शाळेच्या शोधातील हेलन केलर

मे महिन्याच्या अखेरीस बदल्यांचे हुकूम निघू लागले, की नोकरदार कुटुंबांत नव्या गावातील शाळांची चौकशी सुरू होते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आणि चौदा तालुक्यांत पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरहून जामखेडला झालेली बदली म्हणजे जवळजवळ परमुलखातच जाणे होय. सामान्य मुलाच्या बाबतीत ही चौकशी चार दिवसांत संपते. परंतु ज्या घरातील मूल पाहू शकत नाही आणि ऐकूही शकत नाही, किंवा ज्याच्या बुद्धीची वाढ मंद असून हातापायांतही बळ नाही, त्या घराचे काय? अंधशाळा म्हणते, मूल बहिरे आहे. मूकबधिर विद्यालय म्हणते, ते आंधळे आहे. आणि गावची शाळा दोन्ही कारणे सांगून हात जोडते. अशा वेळी हेलन केलरचे उदाहरण हटकून दिले जाते आणि तिच्या जिद्दीचा गौरव होतो. पण तिच्या घरच्यांना तिच्या शाळेसाठी किती दारे ठोठवावी लागली आणि किती वेळा गाव बदलावे लागले, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया या लहानशा गावी झाला. अवघ्या एकोणीस महिन्यांची असताना तीव्र ज्वराने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही हिरावून नेली. वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन. पुढे ते एका स्थानिक वृत्तपत्राचे संपादक झाले. मूल जसजसे वाढू लागले तसतसे ते अनावर होत गेले. मनातले सांगता येत नाही म्हणून ते आदळआपट करी. या मुलीला एखाद्या आश्रमात ठेवून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारे आप्तही होतेच. असा सल्ला देणारे नातलग कोणत्याही देशात आणि कोणत्याही काळात कमी नसतात.

आई केट हिने डिकन्सच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीची हकीकत वाचली होती. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत डॉ. हाउ यांनी लॉराला शिकविले होते. वाचलेल्या चार पानांवर त्या मातेची सारी आशा उभी होती. १८८६ मध्ये वडील हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नेत्रवैद्याकडे गेले. त्याने डोळ्यांची आशा सोडून द्या, परंतु मूल शिकू शकेल, असे सांगून त्यांना वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे पाठविले. टेलिफोनचे जनक म्हणून जगाला ठाऊक असलेले बेल बधिरांचे शिक्षक होते. त्यांनी पर्किन्सचे संचालक अनाग्नोस यांना पत्र लिहावयास सुचविले. एका वैद्याकडून दुसऱ्या तज्ज्ञाकडे आणि तेथून तिसऱ्या संस्थेकडे, असा हा प्रवास नगरहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला हेलपाटे घालणाऱ्या पालकांना अनोळखी वाटणार नाही.

येथे केलर दांपत्याने केलेली निवड विचार करण्याजोगी आहे. त्यांनी सहा वर्षांच्या मुलीला बोस्टनला धाडले नाही; बोस्टनहून शिक्षिका आणविली. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन टस्कंबियात उतरली तेव्हा ती विशीतली होती. अनाथ, बालपण भिकाऱ्यांच्या आश्रमात गेलेले, स्वतःची दृष्टीही अधू. पर्किन्समध्ये शिकत असता वृद्धत्वाकडे झुकलेल्या लॉराच्या सहवासात तिने बोटांची लिपी आत्मसात केली होती. घरात लाडावलेली मुलगी ऐकेना, तेव्हा अ‍ॅनने तिला घेऊन आवारातीलच एका छोट्या घरात काही दिवस वेगळे राहण्याचा हट्ट धरला आणि आईबापांनी तो मान्य केला. महिनाभरातच, ५ एप्रिलला, पंपाखाली धरलेल्या हातावरून वाहणारे पाणी आणि दुसऱ्या हातावर लिहिली गेलेली अक्षरे यांचा संबंध त्या मुलीला उमगला. जगातील प्रत्येक वस्तूला नाव असते, हे तिला त्या क्षणी कळले. शाळेची इमारत नव्हती, फळा नव्हता, हजेरीपट नव्हता. तरीही ती खरीखुरी शाळा होती.

पुढची पायरी मात्र घरी राहून चढता येण्यासारखी नव्हती. १८८८ पासून हेलन अ‍ॅनसह पर्किन्समध्ये जाऊ लागली. तेथे उठावाच्या अक्षरांची पुस्तके होती आणि बोटांची लिपी जाणणाऱ्या मैत्रिणीही होत्या. १८९० मध्ये बोस्टनमधील होरेस मान शाळेच्या सारा फुलर यांच्याकडे तिने उच्चाराचे पहिले धडे घेतले. परंतु नामांकित संस्थेतही सारे सुरळीत असतेच असे नाही. हेलनने लिहिलेली एक छोटी गोष्ट पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कथेशी मिळतीजुळती निघाली आणि १८९२ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलीची चौकशी समितीपुढे उलटतपासणी झाली. तिच्यावर दोष सिद्ध झाला नाही. पण संस्थेशी जडलेला जिव्हाळा तुटला आणि पर्किन्सचे दार मागे पडले.

१८९४ मध्ये तिसरे शहर आले: न्यूयॉर्कची राइट-ह्यूमसन बधिर शाळा. १८९६ मध्ये चौथे: केंब्रिज येथील मुलींची शाळा. तेथे सर्व मुली डोळस व ऐकणाऱ्या होत्या. अ‍ॅन वर्गात शेजारी बसे आणि शिक्षकांचा प्रत्येक शब्द हेलनच्या तळहातावर लिही. मुख्याध्यापक गिलमन यांनी मुलीवर अभ्यासाचा अतिरेकी ताण पडतो असे ठरवून १८९७ मध्ये अ‍ॅनला तिच्यापासून दूर करण्याचा घाट घातला. वडील आदल्याच वर्षी निवर्तले होते. आई अलाबामाहून धावत आली, तिने मुलीची स्थिती स्वतः पाहिली आणि शाळा सोडली, शिक्षिका सोडली नाही. रेंथम या गावी राहून खासगी शिक्षकाकडे तयारी करून हेलनने १९०० मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश मिळविला आणि १९०४ मध्ये सन्मानपूर्वक पदवी घेतली. अंध-बधिर व्यक्तीने ही पदवी मिळविल्याचे ते पहिलेच उदाहरण होते.

या साऱ्याचा खर्च कोणी केला, हा प्रश्न गैरलागू नाही. कॅप्टन केलर यांची आर्थिक स्थिती खालावत गेली आणि अ‍ॅनचा पगार थकला. बोस्टनचे धनिक स्पॉल्डिंग यांनी मदत केली; ते गेल्यानंतर मार्क ट्वेन यांच्या शब्दावरून स्टँडर्ड ऑइलचे रॉजर्स पुढे आले. एका मुलीमागे एक पूर्णवेळ शिक्षिका, आणि तीही तब्बल पन्नास वर्षे, हा हिशेब कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. मार्क ट्वेन ज्याच्यासाठी शब्द टाकील असे मूल लाखात एखादेच. म्हणूनच हेलनच्या यशाचे श्रेय केवळ तिच्या जिद्दीला देणे हे समाजाच्या सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. लॉरा ब्रिजमनची कथा याची दुसरी बाजू दाखविते. शिक्षण संपल्यावर तिला गावी घरच्यांकडे पाठविण्यात आले. तिच्याशी बोटांनी बोलण्यास कोणाला सवड नव्हती. तिची प्रकृती ढासळली आणि तिला परत पर्किन्समध्ये आणावे लागले. १८८९ मध्ये तेथेच तिचा अंत झाला. स्वतःचे घरही, संवाद करणारे कोणी नसेल तर, परके होऊ शकते.

हेलन १९५५ मध्ये भारतात आली. तिचे निधन १ जून १९६८ रोजी झाले. तिच्या नावाची अंध-बधिरांसाठीची संस्था १९७७ मध्ये मुंबईत उभी राहिली. त्याआधी, शतकाच्या आरंभी, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली तीही मुंबईतच. या मिशनचे एक प्रमुख केंद्र अहमदनगर होते; तरी नगरच्या मुलाला मुंबईची वाट धरावी लागे. सोयी शहराकडे आणि गरजू खेड्यात, हे व्यस्त प्रमाण आजही पुरते मोडलेले नाही.

कायद्याने मात्र पुष्कळ मजल मारली आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बहुविकलांगता व अंध-बधिरता यांना मान्यता देऊन जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलासाठी खुली ठेवली. केंद्र सरकारने २०१४ मध्ये, विकलांग अपत्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचे धोरण स्वीकारले. परंतु निवडीचा हक्क तेव्हाच खरा, जेव्हा निवडण्याजोगे काही समोर असते. घरी शिक्षणाच्या तरतुदीचा अर्थ शिक्षक घरी येणे असा व्हावयास हवा. मूल घरीच राहणे असा नव्हे.

बदलीच्या गावी जाणाऱ्या आईबापांनी केट केलरकडून एवढे जरूर घ्यावे: शाळेचे नाव व इमारत यांआधी, आपल्या मुलाशी तेथे कोण बोलणार आणि कसे बोलणार, हे विचारावे, निवड चुकली तर ती बदलण्यात कमीपणा मानू नये, आणि मुलाला समजून घेणारी व्यक्ती लाभली असेल, तर तिला सहजासहजी गमावू नये. सरकारने व समाजाने घ्यावयाचा धडा याहून मोठा आहे. केलर कुटुंबाला देणगीदारांच्या दयेवर जे मिळाले, ते पाथर्डीच्या किंवा कर्जतच्या लिपिकाच्या मुलाला हक्काने मिळाले पाहिजे. तालुक्यागणिक काही प्रशिक्षित, पुरेशा वेतनाचे आणि कायम नोकरीतील फिरते शिक्षक नेमणे हे श्रीमंत राष्ट्रांनाच परवडते असे नाही. प्रत्येक मुलामागे एक अ‍ॅन सलिव्हन देता येणार नाही, हे खरे. पण एका तालुक्यालाही ती देता येत नसेल, तर हेलनचे चरित्र पाठ्यपुस्तकात शिकविण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?