पंडिता रमाबाई आणि केडगांवचीं लेंकरें

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत संतांचीं चरित्रें व मिशनच्या जुन्या आठवणी वाचकांस मिळतीलच. आम्हीं मात्र येथें एका अशा बाईंचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं ज्या आपल्या ख्रिस्तसभेंतील नव्हत्या. पंडिता रमाबाई यांचा स्नानसंस्कार आंग्लिकन पंथांत झाला, आणि धर्ममताच्या कित्येक बाबतींत त्यांचा व आपला मेळ बसत नाहीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु बेघर मुलांस आसरा व विद्या देणाऱ्या कार्यास या ज्युबिलीच्या वर्षापासून आपण नियमित साह्य करावें, असा विचार धर्मग्रामांत चालला आहे; आणि असें कार्य कशाच्या बळावर उभें राहतें व कशामुळें कोसळूं पाहतें, हें रमाबाईंच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें महाराष्ट्रांत आम्हांस दुसरीकडे दिसलें नाहीं.

शिवाय आपलें हें गांव, ज्यास पूर्वीं एदलाबाद म्हणत, तें आज मुक्ताईच्या नांवानें ओळखलें जातें. मुक्ताईची पालखी येथून पंढरपुरास निघते ती आपण पाहतोंच. ती मुक्ताई कोण? वारकऱ्यांच्या परंपरेप्रमाणें, आईबाप प्रायश्चित्त म्हणून देह टाकून गेल्यावर उघडीं पडलेल्या चार भावंडांतली धाकटी बहीण. समाजानें वाळीत टाकलेली पोर. एका पोरक्या मुलीचें नांव आपल्या तालुक्यानें अंगावर घेतलें आहे. रमाबाईंनीं केडगांवच्या आश्रमास मुक्ति हेंच नांव दिलें. यापलीकडे दोहोंची सांगड घालण्याचा आमचा हेतु नाहीं. पण येथील माणसांस पोरकेपण म्हणजे काय तें निराळें समजावून सांगावें लागूं नये.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत गंगामूळ या ठिकाणीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् ब्राह्मण. बायकांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा कडक निर्बंध असतांही त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, लोकांचा रोष पत्करला, आणि अरण्यांत घर केलें. रमा कांहीं महिन्यांची असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. वेताच्या पेटीत घालून मुलीला डोंगर उतरविलें. तेव्हांपासून त्यांना स्थिर घर असें राहिलें नाहीं. देवळांत पुराण सांगावें, जें कोणी देईल त्यावर गुजारा करावा, आणि पुढचें क्षेत्र गांठावें. मुलीला आईनेंच शिकविलें. पुराणें तिला तोंडपाठ झालीं. हातानें पोट भरण्याचा धंदा मात्र घरांत कोणासच येत नव्हता.

पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां या उणिवेचें फळ भोगावें लागलें. दागिने गेले, भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं. मोलमजुरी करण्याची लाज वाटे आणि भीक मागण्याचीही. रानांतल्या पाल्यावर कित्येक दिवस काढले. १८७४ सालीं वडील गेले, थोड्याच काळांत आई व मागोमाग थोरली बहीण. आईचें प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. अखेर दोघां ब्राह्मणांस दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी असल्यामुळें खांद्यावर ताटी पेलेना, म्हणून तिनें ती डोक्यावर घेतली, आणि दूरच्या स्मशानापर्यंत नेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनें आईस अशा रीतीनें पोंचविलें. केडगांवच्या पुढच्या सर्व कारभाराची किल्ली आम्हांस या प्रसंगांत दिसते. विद्या असूनही उपासमार होते, हें ज्यानें भोगलें, तो पोरक्या मुलांस केवळ पाटी-पुस्तक देऊन थांबणार नाहीं.

बहीणभाऊ हजारों मैल पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, माहेर नाहीं, सासर नाहीं. त्या पुण्यास आल्या, तेथें आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांची भर घालून १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहत असतां त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. या धर्मांतरावर पुण्यांत केवढें वादळ उठलें असेल तें वाचकांनीं कल्पावें. इंग्लंडांतील तीन वर्षांचें वर्णन येथें करीत नाहीं.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभास त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत लिहिलेलें त्यांचें पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें व त्यानें तिकडे बरीच खळबळ केली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. येथें वाचकांनीं जरा थांबावें. त्या मंडळींनीं एक मोठी थैली देऊन बाईंची बोळवण केली नाहीं. त्यांनीं दहा वर्षें मदत करण्याचें वचन दिलें. गांवोगांव लहान मंडळें काढलीं, आणि सामान्य घरांतील बायकांनीं आपली वार्षिक वर्गणी त्यांत घातली. सणासुदीस एकदां मिठाई वाटणें व दहा वर्षें दरसाल ठरलेली रक्कम पाठविणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. लेंकरूं काय नाताळापुरतें जेवत नाहीं. सहा वर्षांच्या मुलीला आश्रयास घेणाऱ्यानें तिच्या सोळाव्या वर्षाचा हिशेब त्याच दिवशीं मांडावा लागतो. आणि तो हिशेब, देणारे टिकाऊ असले तरच मांडतां येतो.

या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० सालीं सदन पुण्यास हलविलें. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार म्हणून उभे राहिले. मुलींच्या धर्मांत हात घालणार नाहीं ही बोली होती. बाई स्वतः मात्र सकाळीं आपल्या खोलींत प्रार्थना करीत व दार लावून घेत नसत. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. बातमी पसरली, वर्तमानपत्रें तुटून पडलीं, पालकांनीं वीस-पंचवीस मुली काढून नेल्या, आणि १८९३ सालीं सल्लागार मंडळींनीं आपलीं नांवें मागें घेतलीं.

या प्रकरणांत कोणाचें चुकलें याविषयीं अजून दोन मतें आहेत. आम्हांस दोन्ही बाजूंचें कांहीं पटतें. निराधार बालकाच्या भाकरीस धर्माची अट जोडूं नये, आणि तशी शंकाही येऊं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. भुकेल्याचा होकार हा होकार नव्हे. तितकेंच हेंही खरें, कीं त्या वीस-पंचवीस मुलींपैकीं ज्यांचें शिक्षण तुटलें त्यांचें नुकसान ना बाईंनीं भरून दिलें ना वर्तमानपत्रांनीं. मोठ्यांच्या भांडणांत मुलांचीं वर्षें जातात. बोस्टनच्या लोकांनीं चौकशी केली, पण वचन मोडलें नाहीं. सदन टिकलें. आणि गंमत पाहा : १८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, तो हिंदु समाजाच्या आधारावर; त्यामागें शारदासदनांत शिकलेल्या त्यांच्या पत्नीचें बळ होतें. एकाच दिव्यावरून दुसरा लागला. दोहोंच्या समया निराळ्या राहिल्या म्हणून उजेड कमी झाला नाहीं.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतांत हाहाकार उडाल्याचें ऐकून बाई तिकडे निघाल्या. मुंबई-पुण्याकडून मध्य प्रांतांत जाणारा मुख्य लोहमार्ग आपल्या भुसावळावरून जातो. खानदेशच्या लोकांस तो वेगळा सांगणें नको. तेथें सरकारी अनाथगृहें त्यांनीं पाहिलीं, रस्त्याच्या कडेला व झाडांखालीं हाडांचे सांपळे होऊन पडलेलीं मुलें पाहिलीं. आणि याहून भयंकर म्हणजे, पोरक्या मुलींस गोड बोलून वाममार्गास नेणारे दुष्ट लोक तेथें फिरत होते. रमाबाईंस आपलीं रानांतलीं वर्षें आठवलीं. हातीं पैसा नव्हता. सदन पन्नास-साठांपुरतें होतें. त्यांनीं तीनशें मुली व विधवा घेण्याचा निश्चय केला.

पुण्यांत तेव्हां प्लेगची सांथ होती व अधिकाऱ्यांनीं इतक्या मुली शहरांत ठेवूं दिल्या नाहींत. पुण्यापासून सोलापुराकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगांव येथें बाईंनीं थोडी आधीं शंभरेक एकर जमीन घेतली होती. झाडें लावून तिच्या उत्पन्नावर सदन चालवावें असा बेत होता. त्या माळावर तंबू ठोकले, गवताच्या झोंपड्या घातल्या, विहिरी खणल्या. अशीं मुलें घरांत आल्यावर काय होतें हें ज्यानें एकदां तरी पाहिलें आहे त्यास सांगणें नलगे. अंगावर फोड, डोक्यांत उवा, पोट बिघडलेलें. पोटभर जेवूनही उद्यां मिळेल कीं नाहीं या धास्तीनें भाकर लपवून ठेवायची. कोणी पळून जातें, कोणी चावतें. देणगी देणाऱ्यांस वाटतें कीं मूल कृतज्ञतेनें हात जोडून उभें राहील. तें राहत नाहीं, निदान पहिल्या वर्षीं तरी नाहीं, आणि त्यास आम्ही मुलाचा दोष समजत नाहीं.

१८९८ सालीं मुक्तिसदन रीतसर उघडलें. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजराथेंत व आपल्या खानदेशांतही पडला. गुजराथेंतून शेंकडों मुली आणल्या आणि आश्रमांतील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. शाळा तर होतीच, परंतु प्रत्येकीस हाताचा धंदा शिकावा लागे. विणकाम, शिवण, शेती, गुरांची निगा, तेलाचा घाणा, भाकरीपाव भाजणें, छापखाना. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून आलेल्या ब्रेल लिपीनें वाचावयास शिकवीत. फसलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें, मुलग्यांसाठींही निराळें घर झालें. अनंतशास्त्र्यांच्या घरीं जें नव्हतें तें केडगांवीं प्रत्येक मुलीच्या हातीं यावें, असा बाईंचा कटाक्ष दिसतो.

आज तसा दुष्काळ पडत नाहीं. तरी भुसावळ जंक्शनसारख्या मोठ्या स्टेशनावर घरून पळालेलें, हरवलेलें वा टाकून दिलेलें मूल आढळणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा मुलास भलतींच माणसें आजही हेरून असतात. आतां मात्र कोणासही मूल परस्पर उचलून आश्रमांत नेतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणें सांपडलेलें मूल चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करतां येतो, किंवा रेल्वे पोलिसांस कळवितां येतें. वडापाव देऊन पुढें जाणाऱ्यांस हा क्रमांक पाठ असावा. वर्गणीविषयीं आमची सूचना अशी, कीं रक्कम कितीही लहान असो, ती निदान दहा वर्षांच्या बोलीवर लिहून द्यावी. जी संस्था नोंदणी झालेली आहे, हिशेब दाखविते व मुलाच्या जातिधर्माची अट घालीत नाहीं, तिलाच द्यावी. आणि वर्षांतून एकदां तेथें जाऊन मुलांचीं प्रगतिपुस्तकें पाहावीं.

रमाबाईंचीं शेवटचीं वर्षें बायबलच्या भाषांतरांत गेलीं. हिब्रू व ग्रीक या भाषा त्या उतारवयांत शिकल्या, व साध्या बायकांस समजेल अशा मराठींत संपूर्ण ग्रंथ उतरविला. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. आश्रमाचा भार जिच्यावर सोंपवावयाचा ती मनोरमा १९२१ सालीं मिरजेस वारली. आईनें काम थांबविलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं बाईंनीं देह ठेविला. बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें. केडगांवच्याच छापखान्यांत, आश्रमांतील मुलींनीं व बायकांनीं त्याचे खिळे जुळविले होते, पानें छापलीं होतीं आणि पुस्तकें बांधलीं होतीं.