टिळकांचे ‘काका’

वाशीममध्ये ख्रिस्ती समाजाचा विषय निघाला की जुन्या माणसांना हटकून मिशनचा दवाखाना आठवतो. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले आणि पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना, साप चावलेल्यांना, तापाने फणफणलेल्यांना हक्काची जागा मिळाली. या सेवेचे मोल मोठे आहे. पण तिच्यामुळे ख्रिस्ती माणूस म्हणजे शाळा, दवाखाना आणि प्रार्थना, राजकारणाशी त्याचा संबंध काय, असाही एक समज आपल्याकडे रुजला. दवाखान्याच्या बावीस वर्षे आधी याच मुलखात स्वराज्याची पावती फाडणारी जी संघटना उभी राहिली, तिचे अध्यक्ष एक रोमन कॅथलिक गृहस्थ होते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

जोसेफ बॅप्टिस्टा त्यांचे नाव. लोक त्यांना काका म्हणत. जन्म १७ मार्च १८६४ चा, मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीतला. घराण्याचे मूळ भाईंदरजवळच्या उत्तनचे. घरात मराठीची बोली, गळ्यात क्रूस, अशा उत्तर कोकणातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातले हे कुटुंब. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, सरकारचे जुने इमानी प्रजाजन, हे त्यातून सुचवायचे होते. ज्या समाजाने राज्यकर्त्यांच्या कंपनीचे नाव अभिमानाने लावले, त्याच समाजात राज्यकर्त्यांना जाब विचारणारा हा माणूस निपजला.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकून ते पुढे केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. विलायतेत त्यांना आयर्लंडची होमरूल चळवळ जवळून पाहायला मिळाली. बॅप्टिस्टांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला तरी इथे दिसते. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक, आणि तीच लंडनच्या सत्तेशी सनदशीर झगडा मांडून बसलेली. राजा ख्रिस्ती आणि प्रजाही ख्रिस्ती, म्हणून राज्य न्यायाचे ठरत नाही, ही गोष्ट आयरिश शेतकऱ्याला कळली होती. मग माझगावच्या कॅथलिकाने देवाची भक्ती आणि सरकारची भक्ती एकच का मानावी?

१९०१ मध्ये ते मुंबई महापालिकेत आले आणि लोकमान्य टिळकांच्या वर्तुळातही शिरले. शेंडी राखणारा चित्पावन पंडित आणि कोट-पाटलोणीतला कॅथलिक बॅरिस्टर, ही जोडी त्या काळी अनेकांना कोड्यात टाकणारी वाटली असेल. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचा कायदेशीर बाजूचा विश्वास ज्यांच्यावर होता, त्यांत बॅप्टिस्टा होते. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियन. त्या सातांनी दोषी ठरवले, दोघांनी नाही, आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. १९१० मध्ये विनायकराव सावरकरांवर नाशिक कटाचा खटला चालला, तेव्हाही बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होतेच. ते स्वतः सनदशीर मार्गाचे. बॉम्ब-पिस्तुलांचा मार्ग त्यांचा नव्हता. तरी आरोपीच्या बाजूने कुणीतरी उभे राहिले पाहिजे, हे त्यांनी कर्तव्य मानले. त्या दिवसांत अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणे होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. वऱ्हाडातून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे पहिल्यापासून सोबत होते. लीगच्या सहा शाखांपैकी दोन एकट्या वऱ्हाडात होत्या, यावरून इथला उत्साह समजावा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. वर्षभरात लीगचे सभासद चौदा हजारांवर गेले. गावोगावच्या देवळांच्या ओट्यांवर ज्या संघटनेची चर्चा होई, तिचा अध्यक्ष रविवारी चर्चला जाणारा आहे, यात लोकांना वावगे वाटले नाही. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची घोषणा मुळात बॅप्टिस्टांना सुचली आणि टिळकांनी ती गाजवली, असेही सांगतात. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. घोषणा कुणाचीही असो, ती घेऊन १९१७ मध्ये विलायतेला जाऊन मजूर पक्षाची दारे ठोठावण्याचे काम काकांनी केले, हे नक्की.

मजुरांचा प्रश्न हा त्यांच्या श्रद्धेच्या अधिक जवळचा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून, माणसाचे श्रम ही बाजारातली निव्वळ जिन्नस नव्हे, असे बजावले होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष होते. त्या सभेत बॅप्टिस्टांनी मांडलेला विचार याच वळणाचा होता. मालक आणि मजूर यांनी एकमेकांकडे खरेदीदार आणि विक्रेता म्हणून न पाहता भागीदार म्हणून पाहावे, असा त्यांचा आग्रह. पुढल्या वर्षी झरियाच्या कोळसाखाणींच्या भागात अधिवेशन भरले. खाणमालकांनी विरोध केला, तरी ते पार पडले आणि अध्यक्षस्थानी काकाच होते. भागीदारीची ही कल्पना डाव्यांना पुढे भाबडी वाटली. गिरणीमालकांनी ती फारशी मनावर घेतली नाही, हेही खरेच. पण मुंबईच्या टपालवाल्यांसारख्या साध्या नोकरमाणसांना हा बॅरिस्टर आपला वाटे.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यानंतर गांधीजींच्या असहकारात काकांचे मन रमले नाही. कौन्सिलांवर बहिष्कार घालण्यापेक्षा आत जाऊन सरकारला अडवावे, असे टिळकपंथीयांचे मत होते आणि ते त्यांनी सोडले नाही. लाट एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, हा एकटेपणा त्यांनी कुरकुर न करता सोसलेला दिसतो. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. याच पदाला पुढे महापौर म्हणू लागले.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काका गेले, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनात उतरले की चार पावलांवर तिची चढण लागते. वरून गोदी दिसते.