जावजी दादाजी आणि शुद्ध ग्रंथाचा ध्यास

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासणारा एक मुलगा पुढे संस्कृत ग्रंथांचा सर्वांत विश्वासू प्रकाशक होईल, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसेल. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. शास्त्राध्ययनाची तर गोष्टच दूर. अक्षरांची ओळख त्यांच्या डोळ्यांआधी बोटांना झाली.

१८६४ साली राणोजी रावजी आरू या कुशल कारागीर मित्राच्या साह्याने त्यांनी टाइपांचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. काना, मात्रा, वेलांटी, रफार, शेकडो जोडाक्षरे असा देवनागरीचा पसारा. तरीही या कारखान्याच्या टाइपाचे वळण पाहत राहावे असे. मात्र सुबक टाइपात छापलेली चूक अधिकच खरी भासते, हे जावजींनी फार लवकर ओळखले असावे. लेखनिकाची चूक एका पोथीपुरती राहते. छापील चूक एकाच दिवशी शेकडो घरांत जाते. ‘सकल’ म्हणजे सगळे आणि ‘शकल’ म्हणजे तुकडा. जुळाऱ्याच्या हाती एक खिळा चुकीचा आला की पूर्णाचे खंड होतात. पंचांगात तिथी चुकली तर व्रत, श्राद्ध, मुहूर्त सारेच चुकते.

स्वतःला शास्त्र येत नाही, ही उणीव जावजींनी झाकली नाही. ज्यांना ते येते अशा विद्वानांना त्यांनी छापखान्याशी जोडले आणि ग्रंथाच्या शुद्धतेबाबत त्यांचा शब्द प्रमाण मानला. मालकाला हे वाटते तितके सोपे नसते. पोथ्या ताडून पाहण्यात महिने जातात, जुळवलेली पाने पुन्हा सोडवावी लागतात आणि खर्च वाढत राहतो.

१८८६ साली सुरू झालेल्या ‘काव्यमाले’त या शिस्तीचे फळ दिसले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून त्यांतील पाठ ते ताडून पाहत. एक पाठ वर घेत आणि वेगळे पाठ तळटीपेत देत. वाचकाला संपादकाचा निवाडा तपासता यावा, ही सोय त्यात होती. आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ १८९१ साली याच मालेत छापून निघाला. अभिनवगुप्ताची ‘लोचन’ टीका तीन उद्योतांपुरतीच हाती लागली होती, म्हणून चौथा उद्योत टीकेवाचूनच छापला गेला. चौथ्यावरील टीका सुशीलकुमार डे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केली. पुढे अधिक पोथ्या हाती आल्यावर विद्वानांनी काव्यमालेतील काही पाठ बदलले. ते रीतीलाच धरून झाले.

मराठीकडेही जावजींचे दुर्लक्ष नव्हते. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक १८८१ पासून निर्णयसागरमध्ये छापले जाऊ लागले. १८९० साली जनार्दन बाळाजी मोडक आणि वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली ‘काव्यसंग्रह’ निघाला आणि जुन्या मराठी कवींच्या रचना नीट शोधलेल्या रूपात वाचकांना मिळू लागल्या.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी निवर्तले. चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारभार पुढे चालवला. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर आणि नारायण राम आचार्य यांच्यासारख्या पंडितांनी पुढच्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

नोकरीनिमित्त दिल्लीला आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर अशी पुस्तकेही इकडे आली. द्वारकेतील एखाद्या घरात आजोबांच्या कपाटात पिवळ्या पडलेल्या कागदाचे निर्णयसागरी पुस्तक अजूनही असू शकेल. ते उघडले की वर ठसठशीत श्लोक दिसतो आणि पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, इतर पोथ्यांतले पाठ.