एका बादलीत फोन फुल चार्ज: जमशेटजी टाटा आणि घाटातली वीज

मागच्या पावसाळ्यात खोपोलीला गेलो होतो. डोंगरावरून सरळ खाली उतरणारे ते जाडजूड पाइप बघून चुलतभावाने विचारलं, हे प्यायचं पाणी का रे? मी म्हटलं, नाही, फोन चार्ज करायचं. तो हसला. मग टपरीवर चहा घेता घेता मी हिशोब मांडला.

वीस लिटरची एक बादली घ्या. ती ५०० मीटर खाली ओता. त्या पडण्यात साधारण २७ वॉट-तास ऊर्जा असते. टर्बाइन आणि जनरेटर त्यातली थोडी खातात, बावीस-तेवीस उरते. तुमच्या ५,००० एमएएचच्या बॅटरीत मावते एकोणीसच्या आसपास. चार्जर गरम होतो तेवढी वाया गेली असं धरलं, तरी एका बादलीत फोन जवळजवळ फुल. खोपोलीच्या वीजघरावर पाणी साधारण एवढ्याच उंचीवरून येतं. हा हिशोब शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांसाठी करून बघावा असं वाटलेला माणूस म्हणजे जमशेटजी टाटा.

जन्म ३ मार्च १८३९, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये. १८६८ मध्ये २१,००० रुपयांवर स्वतःचा व्यापार सुरू केला. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल उघडली. त्यांच्या चरित्रात पोलाद, बंगळूरची विज्ञान संस्था, ताजमहाल हॉटेल हे सगळं येतंच. ते तुम्ही शाळेत वाचलंय, म्हणून मी ते गाळतोय. मला त्यांची एक सवय महत्त्वाची वाटते. एम्प्रेसमध्ये त्यांनी रिंग स्पिंडल नावाची सूत कातायची नवी पद्धत आणली. विलायतेतले बहुतेक गिरणीवाले तेव्हा जुन्याच यंत्राला चिकटून होते. त्याच ताकदीत जास्त काम कसं निघेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कायम असायचा.

आता त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. परळ, लालबाग, भायखळा, सगळीकडे चिमण्या. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा. त्यातली बहुतेक उष्णता चिमणीतूनच निघून जायची. उरलेल्या ताकदीवर एक लांबलचक दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राकडे जायचे. पट्ट्यांच्या घर्षणात आणखी थोडी ताकद गेली. धूर मात्र सगळा शहराच्या वाट्याला. माझे आजोबा गिरणीत होते, फार नंतरच्या काळात, विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या मागांवर. काजळीच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या.

आणि इथून जेमतेम ७० किलोमीटरवर सह्याद्री, जिथे चार महिने पाऊस नुसता कोसळतो. मुंबईतल्या डेव्हिड गॉस्टलिंग या इंजिनीअरने ही कल्पना मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. अडचण एकच, पण मोठी: पाऊस चार महिने, गिरण्या बारा महिने. म्हणून घाटमाथ्यावर तलाव बांधून पाणी साठवायचं. यातली खरी मेख अशी की लोणावळ्याच्या बाजूचं पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे वाहतं. ते अडवायचं, पश्चिमेला वळवायचं आणि कोकणात सोडायचं. ताकद नदीच्या वेगात नव्हती, कड्याच्या उंचीत होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं हे भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र नव्हे. दार्जिलिंगला १८९७ मध्ये आणि कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ मध्ये वीज तयार होत होती. पण कोळशावर चालणारं एवढं मोठं औद्योगिक शहर पाण्याच्या विजेवर न्यायचं, हे धाडस वेगळं होतं.

जमशेटजींना ते बघायला मिळालं नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे ते गेले. पुढचं काम मुलगा दोराबजी आणि सहकाऱ्यांनी रेटलं. १९१० मध्ये कंपनी निघाली, पैसा देशातूनच उभा राहिला, संस्थानिकांनीही घातला. १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव झाले आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. चालू इंजिन भंगारात काढून तारेवर भरवसा ठेवायला गिरणीमालक आधी बिचकत होते. नंतर मागणी एवढी वाढली की १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा उभं राहिलं.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण भिऱ्याचं पाणी मुळशीचं आहे. त्या धरणात पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती, तीही मावळातली भातशेती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, तुरुंगात गेले, आणि इथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. तीन वर्षं लढा चालला. धरण झालंच. जमशेटजी जाऊन तोवर सतरा वर्षं झाली होती, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. पण त्यांच्या गौरवाच्या व्हिडिओंमध्ये मुळशीचं नाव येत नाही, तेही पटत नाही. मुंबईच्या फुप्फुसातला धूर कमी झाला आणि त्याची किंमत मावळाने शेताने मोजली.

आज या तीन केंद्रांची क्षमता मिळून ४४७ मेगावॉट आहे. मुंबईच्या भुकेपुढे थोडीच. पण कोळशाच्या संचाला तापायला तास लागतात, पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं. संध्याकाळी सगळे एसी एकदम लागले की हेच कामाला येतं. भिऱ्याला तर १५० मेगावॉटचा एक संच उलटाही फिरतो: मागणी कमी असेल तेव्हा पाणी परत वर चढवतो. म्हणजे तलावाचीच पॉवर बँक.

आणि कोलाडला राफ्टिंग करून रील टाकणाऱ्यांनो, कुंडलिकेत सकाळी येणारं ते पाणी भिऱ्याला वीज बनवून झालेलं असतं. वर मुळशीच्या तलावाखाली ती शेतं अजून आहेत.