चिंध्यांचे महावस्त्र

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंतचा मुलूख कापसाचा. परंतु ज्या शेतकऱ्याने जगाला कापूस पुरविला, त्याच्या घरी थंडीच्या रात्री जुनेराची गोधडीच पांघरली जाई. विरलेली लुगडी, फाटकी धोतरे एकावर एक अंथरायची, वर रंगीबेरंगी ठिगळे मांडायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे, ही घरोघरच्या बायकांची कला. या चिंध्यांनाच आपले महावस्त्र मानणारा पुरुष याच मातीत वाढला. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. इतरांची वस्त्रे स्वच्छ करणे हा कुळाचा व्यवसाय. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाची गुरे राखत, नांगर धरत डेबूजी मोठे झाले. सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन जाताना त्यांनी पाहिली. निरक्षर माणूस नाडला जातो, हा धडा त्यांना तिथेच मिळाला.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हाती खराटा आणि मडक्याचे गाडगे. या वेषामुळे काही भागांत ते गोधडे महाराज म्हणूनही ओळखले गेले. गावात शिरताच ते रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज, अस्पृश्यता व पशुबळी यांवर प्रहार करीत. चिंध्या पाहून हिणवणारेच रात्री त्यांच्यापुढे तल्लीन होऊन बसत. कोकणात कीर्तनासाठी गेले असता पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता आली, तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे घाट बांधला गेला. लाखो रुपये हातांतून गेले; बाबांच्या अंगावर मात्र अखेरपर्यंत तीच ठिगळे राहिली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक त्यांची प्राणज्योत मालवली. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या या पुरुषाने निरनिराळ्या जातींची, विखुरलेली माणसे एका धाग्यात ओवली. वऱ्हाडातील घरोघरच्या गोधडीचा धर्मही तोच; कुठलीही चिंधी टाकाऊ नसते.