सुवर्ण नियमाने वागणारे नगराध्यक्ष

लोकांनी आपल्याशी जसे वागावे अशी आपली इच्छा असते, तसेच आपणही लोकांशी वागावे, ही प्रभूची शिकवण आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. इंग्रजी बोलणारे ख्रिस्ती लोक हिला सुवर्ण नियम म्हणतात. सोने जसे पेटीत जपून ठेवावे, तसा हा नियम पुष्कळ जण रविवारपुरता जपून ठेवतात. परंतु तो कारखान्यात व कचेरीत रोजच्या रोज चालवून पाहणारे एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. ते परदेशातून आलेल्या एका गरिबाचे पुत्र असून पुढे टोलीडो शहराचे मेयर म्हणजे नगराध्यक्ष झाले. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सॅम्युएल मिल्टन जोन्स यांचा जन्म ३ ऑगस्ट १८४६ रोजी वेल्स देशात, बेथगेलर्ट गावाजवळ झाला. वडील दगड घडविण्याचे काम करीत व दुसऱ्याची जमीन कसीत. मुलगा तीन वर्षांचा असता आईबाप त्याला घेऊन समुद्रापार अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क संस्थानातील एका खेड्यात राहिले. दारिद्र्य त्यांच्याबरोबरच आले. त्यामुळे जोन्स यांस शाळेचा लाभ सर्व मिळून अडीच वर्षांहून अधिक झाला नाही. दहाव्या वर्षी ते दुसऱ्याच्या शेतावर राबू लागले व चौदाव्या वर्षी लाकडे कापण्याच्या गिरणीत लागले.

त्या सुमारास पेनसिल्व्हेनिया संस्थानात जमिनीतून खनिज तेल काढण्याचा धंदा नुकताच निघाला होता. पूर्वी आपल्या खेड्यांतील दिव्यांत जे घासलेट जळे, ते अशाच तेलापासून निघते. अठराव्या वर्षी जोन्स तिकडे गेले, तेव्हा त्यांच्या खिशात अवघे पंधरा सेंट होते. मजुरी करता करता ते धंदा शिकले व पुढे स्वतःच्या विहिरी खोदू लागले. १८७५ साली त्यांचा विवाह झाला. परंतु पुढे एक लहान मुलगी वारली व १८८५ साली पत्नीही निवर्तली. या दुःखानंतर ते मुलांसह ओहायो संस्थानात गेले. तेथे त्यांना तेलाची मोठी विहीर लागली व द्रव्य मिळाले. १८९२ साली दुसरा विवाह करून ते टोलीडो येथे स्थायिक झाले.

खोल विहिरीतून तेल उपसणाऱ्या पंपाचे दांडे त्या काळी लाकडाचे असत. जोन्स यांनी लोखंडी दांडा शोधून काढला व १८९४ साली त्याचा कारखाना घातला. त्या दिवसांत अमेरिकेत मोठी मंदी होती. कामासाठी दाराशी येऊन विनवणी करणारे धट्टेकट्टे पुरुष पाहून त्यांचे हृदय कळवळले. आपणही एके काळी असेच कामाच्या शोधात फिरत होतो, हे ते विसरले नव्हते.

इतर कारखान्यांच्या भिंतींवर कामगारांसाठी नियमांची लांबलचक यादी टांगलेली असे. जोन्स यांनी एका पत्र्यावर केवळ सुवर्ण नियम लिहून तो टांगला. मग त्याप्रमाणे वागणे त्यांस भाग पडले. इतर ठिकाणी मजुरास दीड डॉलर किंवा त्याहून कमी रोज मिळत असता त्यांनी दोन डॉलर दिले. दिवसाचे काम आठ तासांचे केले. हजेरीचे घड्याळ न लावता ज्याने त्याने आपले तास आपणच लिहावे असे ठरविले. वर्षातून एक आठवडा पगारी सुट्टी, नाताळास बक्षीस, स्वस्त भोजनाची खोली, आणि बसण्यास व मुलांस खेळण्यास एक बाग, या सर्व गोष्टी त्यांनी केल्या. आणि इतके करूनही कारखाना भरभराटीसच आला.

१८९७ साली रिपब्लिकन पक्षाने त्यांस उमेदवार केले व थोड्याशा मताधिक्याने ते नगराध्यक्ष झाले. त्यांनी पोलिसांचे जड सोटे काढून त्यांच्या हाती हलक्या काठ्या दिल्या. पोलिसांना व नगराच्या नोकरांना आठ तासांचा दिवस लागू केला. गरीब मुलांसाठी बालवर्ग व खेळाची मैदाने काढली. कधी कधी पोलिस कोर्टात न्यायाधीशाच्या जागी त्यांस बसावे लागे. तेव्हा भिकारी व भटके यांस ते बहुधा सोडूनच देत. कारण श्रीमंताला ज्या गोष्टीबद्दल कोणी विचारीत नाही, तिच्यासाठी गरिबाला तुरुंग का, असे त्यांचे म्हणणे असे. अखेर संस्थानाच्या कायदेमंडळाने नगराध्यक्षाचा हा अधिकारच काढून घेतला.

येथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. जोन्स यांस विरोध झाला, तो धनवानांकडून झाला, तसाच शहरातील पाळकांकडूनही झाला. दारूचे गुत्ते त्यांनी सक्तीने बंद करावेत अशी पाळकांची मागणी होती. गरिबाला बसाउठावयास दुसरी जागा नसते म्हणून तो गुत्त्यात जातो. आधी त्याला चांगली जागा द्यावी, असे जोन्स यांस वाटे. दारूने किती घरे धुळीस मिळाली हे आम्ही आमच्या खेड्यांतून पाहिले आहे. म्हणून या बाबतीत आम्ही त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. पाळकांची काळजी खोटी नव्हती. परंतु जोन्स यांनी विरोधकांशी वागतानाही आपला नियम सोडला नाही. १८९९ साली पक्षाने त्यांस दूर केले, तेव्हा ते एकटेच उभे राहिले. आणि शंभरांतील सुमारे सत्तर मते त्यांस पडली. त्याच वर्षी संस्थानाच्या गव्हर्नरपदासाठी ते उभे राहिले व हरले. तथापि शहराने १९०१ व १९०३ साली त्यांसच निवडले.

१२ जुलै १९०४ रोजी, अधिकारावर असतानाच, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते मरण पावले. त्यांच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले व त्यांत मजुरांचा भरणा मोठा होता. पुढे १९०५ च्या निवडणुकीत त्यांचे स्नेही ब्रँड व्हिटलॉक निवडून आले व त्यांनी तेच धोरण चालविले.

वाचकहो, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस आले म्हणजे शेताच्या बांधावर तराजू टांगला जातो. वेचणारी बाई दिवसभराची पाठदुखी घेऊन आपले गाठोडे त्यात ठेवते. तराजू ज्याच्या हाती असतो, तो कधी आपल्याच मंडळीतला भाऊ असतो. तिच्या जागी आपली आई असती, तर आपण काटा कसा धरला असता? जोन्स यांनी पत्रा भिंतीवर टांगला व तो स्वतः वाचून तसे वागले. आम्हांपाशी पत्रा नसला तरी चालेल. संध्याकाळी तो तराजू हाती धरताना ही शिकवण आठवली, म्हणजे पुरे.